सरळ आहे का?

आमच्या सरांचं हसू बघून पोरी रडल्या आहेत. अतिशयोक्ती करत नाही, माझ्या मागं उभी असलेली संगमनेरची मुलगी माझ्या डोळ्यांदेखत रडली. नगरच्या मेडिकल कॉलेजचा पहिला दिवस, त्यात अ‍ॅनाटॉमीचा हॉल, आत झाकून ठेवलेली प्रेतं, फॉर्मलिननं डोळे चुरचुरताहेत, आणि दारात हे उभे. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवायचे. डोळे गच्च मिटायचे. उघडून भुवया वर न्यायचे. सगळे दात दाखवून हसायचे. मग जीभ पार हनुवटीपर्यंत काढायचे, ती आत घ्यायचे आणि विचारायचे, "सरळ आहे का?"

काय सरळ आहे का, हे कुणाला ठाऊक! मी आपलं म्हटलं, "हो सर."

"न बघता हो म्हणालीस. परत बघ."

परत तो सगळा प्रकार. या खेपेला मी नीट बघितलं. हाडकुळा चेहरा, गळ्यापर्यंत लावलेलं शर्टाचं बटण, आणि ते हसू. त्या हसण्यात आनंदाचा लवलेश नव्हता, डोळे मात्र माझ्याकडं असे लागलेले की मी काय निकाल देते याच्यावर त्यांचं सगळं अडलंय. "सरळ आहे, सर," मी म्हटलं. त्यांनी श्वास सोडला आणि मला आत जाऊ दिलं.

पाठीमागं आम्ही त्यांना 'सरळ'च म्हणायचो. 'सरळ आला रे' म्हटलं की कॅन्टीन रिकामं. कारण ते नुसतं स्वतःचं तोंड दाखवून थांबायचे नाहीत, समोरच्याचंही तपासायचे. क्रेनियल नर्व्ह हा त्यांचा ध्यास. मेंदूतून थेट निघून कवटीच्या भोकांतून बाहेर पडणाऱ्या नसांच्या बारा जोड्या. त्यांना ते नावानं हाक मारायचे नाहीत, नंबरानं मारायचे. चहावाल्याला 'आ' करायला लावून पडजीभ बघायचे आणि म्हणायचे, "दहावी ठीक आहे, साखर कमी टाक." वॉचमनच्या नाकाखाली लवंग धरायचे, पहिलीसाठी, म्हणजे वासाच्या नसेसाठी. प्रश्न विचारल्यावर आमच्यातल्या कुणी खांदे उडवले तर म्हणायचे, "अकरावी शाबूत आहे. अभ्यास मेलेला आहे." आम्ही हसायचो, पण दबकत. कारण त्यांची भीती संसर्गजन्य होती. महिनाभरात होस्टेलच्या बेसिनपाशी सगळ्या पोरी सकाळी दात घासायच्या आधी आरशात दात विचकून बघायला लागल्या. माझ्या रूममेटला तर एका डोळ्याची बाहुली मोठी वाटायला लागली आणि तिनं घरी फोन करून रडारड केली. बाहुली बाहुलीच्या जागी होती, उजेड एका बाजूनं येत होता.

शिकवायची त्यांची पद्धत काय सांगू. एक खरी कवटी होती त्यांच्याकडं, पिवळी पडलेली. तिच्या तळाच्या एकेका भोकातून त्यांनी रंगीत लोकर ओवलेली. तोंडी परीक्षेला टेबलापलीकडं बसायचे, कवटी मांडीवर घ्यायचे आणि हलकेच एक दोरा ओढायचे. "ही गेली. आता काय होईल?"

"डोळा आत वळेल, सर. बाहेर नेता येणार नाही."

"म्हणजे सहावी. आणि ही?"

दोरा त्यांच्या हातात आणि ओढ आमच्या पोटात. एकदा मी चाचपडले तेव्हा म्हणाले, "पोटात खड्डा पडला ना? ती दहावी. सगळ्यात भटकी नस. कवटीतून निघते ती गळ्यातून, हृदयावरून थेट पोटात जाते. भीती सांगत फिरते घरोघर." मग थोडं थांबून म्हणाले, "गाव कुठलं?"

"शनिशिंगणापूर, सर."

त्यांनी दोरा सोडून दिला. "बिनदाराची घरं?"

"हो सर. आता काहींनी फळ्या लावल्यात, कुत्री येतात म्हणून. आमच्याकडं नुसता पडदा."

"आणि रात्री झोप लागते?"

"लागते की. देव बसलाय ना राखणीला."

त्यांनी कवटी उलटी करून माझ्यासमोर धरली. "हे बघ. चौकटी सगळ्या आहेत, दार एकीलाही नाही. आपण सगळेच बिनदाराच्या घरात राहतो, पोरी. मला नाही झोप लागत." त्या दिवसापासून माझं नाव शिंगणापूर पडलं. मला राग यायचा. पण कवटीची ती खालची बाजू पुढं कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हटली नाही.

आपल्या घराचं दार मात्र त्यांनी असं बंद केलेलं की विचारता सोय नाही. सावेडी भागात एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. अभ्यासाला नेलेला हाडांचा सेट परत द्यायला मी एकदा गेले. बेल वाजवली, तर आतून आवाज, "दाराच्या भिंगासमोर उभी राहा. हस." हसले बाई. मग एक कुलूप, दुसरं कुलूप, साखळी, वर आडणा. मी आत आल्यावर ते सगळं परत लावलं आणि मग पहिला प्रश्न, "सरळ आहे का?"

खालच्या मजल्यावर एक मावशी राहायच्या, घरगुती लोणची-चटण्या करून विकायच्या. वर जाताना जिन्यात भेटल्या होत्या तेव्हा मला म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली बाई, वाटी द्यायला गेले तरी ह्यो माणूस दाराच्या फटीतून हात बाहेर काढतो. म्या काय त्यांना खाणारे का?"

मी तोंडाची फटकळ, राहवलं नाही. सरांना विचारलंच, "सर, घरात आरसा आहे ना? मग आम्हाला कशाला विचारता रोज?"

चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. "आरशात माणूस आपल्याला हवं ते बघतो," म्हणाले. "ज्याचं तोंड वाकडं होतं त्याला स्वतःला कळत नाही, शिंगणापूर. चहा गळतो, त्याला वाटतं कपच चिरलाय. दुसऱ्याला कळतं. आणि एकट्या माणसाला दुसरा कुठला?" एवढं बोलून त्यांनी हाडं मोजायला घेतली. मला तिथून कधी एकदा निघते असं झालं.

सातवीवरचा त्यांचा एक तास मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. सातवी म्हणजे चेहरा हलवणारी नस. फळ्यावर त्यांनी एक तोंड काढलं, अर्धं लोंबलेलं. म्हणाले, "लोक म्हणतात, वारं लागलं. आता तुम्ही काय करणार? त्याला कपाळाला आठ्या घालायला सांगणार. का? कपाळाला दोन्हीकडून लाईन आहे. मेंदूच्या डाव्या बाजूनंही आणि उजव्याही. एका डीपीवर लाईट गेली तर दुसऱ्या डीपीवरून येते. खालच्या तोंडाला एकच लाईन. मेंदूत बिघाड झाला तर तोंड लोंबेल, पण कपाळ हलेल. आणि मेंदूबाहेर, शेवटची वायरच तुटली, नुसती नस सुजली, तर कपाळासकट अख्खी बाजू अंधारात. डोळासुद्धा मिटणार नाही. दिसायला भयंकर. पण तो माणूस बहुतेक वेळा बरा होतो."

मग त्यांनी खडू आपटला. "अख्खी बाजू गेलेली दिसली, तर देवाला नारळ फोडा आणि मग सावकाश या दवाखान्यात. कपाळ हललं, तर नारळ नंतर. आधी गाडी काढा! आणि घरचे उलटंच करतात. कपाळ हलतंय म्हणून पेढे वाटतात."

आमच्यातले दोघं-तिघं हसले. सर हसले नाहीत.

दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची शनि अमावास्या. त्या दिवशी शिंगणापुरात मुंगीला वाट नसते. आमचं मंदिराच्या रस्त्याला पूजेच्या ताटांचं दुकान आहे. तेल, काळे उडीद, रुईच्या पानांच्या माळा. अण्णा, म्हणजे माझे वडील, आदल्या दिवसापासून उभे असतात. मी मदतीला गावी आले होते. सकाळी अण्णा घरी येऊन चहा घेत बसले होते, आई दुकानावर होती आणि मी मागं पडवीत रुईची पानं निवडत होते. मला काहीही कळलं नाही. शेजारची काकू विरजण मागायला पडदा सारून आत आली, नेहमीसारखी, आणि तिचा आवाज आला, "अण्णा, च्या सांडतोय की वो सदऱ्यावर!"

"कपच चिरलाय," अण्णा म्हणाले.

हातातली पानं तशीच खाली पडली. मी धावत पुढं आले. अण्णांच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. कप धडधाकट होता.

दोन मिनिटांत घर भरलं. बिनदाराच्या घराला गर्दी व्हायला वेळ लागत नाही. चुलते म्हणाले, "वारं लागलंय. रातच्याला फटफटीवर गेल्तं माल आणायला, कान बी बांधलं नव्हतं." कुणी म्हणालं पारव्याचं रक्त चोळा. कुणी म्हणालं, देवाच्या दारात हाय, तेल घाला, उतरंल. कशीबशी मी अण्णांच्या पुढ्यात बसले. "अण्णा, कपाळाला आठ्या घाला बरं."

अण्णांनी भुवया वर केल्या. कपाळावर आठ्या पडल्या, या कानापासून त्या कानापर्यंत, उन्हातान्हात पडतात तशाच.

"आरं, हललं की कपाळ!" चुलते ओरडले. "निम्मं वारं उतारलं बघा! लई झ्याक झालं." काकूनं देवाला हात जोडले. कुणीतरी नारळ आणायला पळालंसुद्धा. आणि खरं सांगते, त्या सगळ्या आनंदात क्षणभर माझंही मन हलकं झालं. बापाचं कपाळ हललं तर कुणाला बरं वाटणार नाही? दुसऱ्या क्षणी खडू आपटल्याचा आवाज ऐकू आला. पोटात असा खड्डा पडला की बसल्या जागी मला ओकारी आली.

मी सरांना व्हिडिओ कॉल लावला. कशाला लावला? मला माहीत होतं सगळं. पण आपलं उत्तर चुकीचं आहे, असं कुणीतरी सांगावं म्हणून लावला.

"हसायला सांग," सर म्हणाले. अण्णा अर्धे हसले. "जीभ." जीभ उजवीकडं गेली. "कपाळ?"

"कपाळ छान आहे, सर."

"छान?" असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "छान म्हणतेस? गाडीत घाल त्यांना! नगरला आण. पहिले काही तासच आहेत हातात. तोंडात पाणीसुद्धा घालू नकोस, गिळता यायचं नाही. मी दवाखान्याच्या दारात उभा राहतो."

अण्णा उठेनात. अमावास्येला दुकान सोडून कुठं जायचं, मला काय झालंय, हेच चाललेलं, आणि तेही आता जड जिभेनं. चुलते म्हणाले, "आगं, बरं व्हाया लागलंय की, कशापाई धावपळ?" घरातल्या मोठ्यांना मी कधी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "काका, कपाळ हललं म्हणूनच घाई हाय! न्हेता का मी पाठीवर घिऊ?" माझा अवतार बघून चुलत्यांनी मुकाट दुधाचा टेम्पो काढला.

घोडेगावपर्यंतचा तो रस्ता! अख्खी दुनिया देवाकडं निघालेली आणि आम्ही एकटेच उलटे. समोरून गाड्याच गाड्या, चालत येणारी माणसं, अनवाणी, हातात तेलाच्या बाटल्या. चुलते हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मी मागं अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले आणि दर थोड्या वेळानं म्हणायची, "अण्णा, माझा हात दाबा." आधी दाबत होते. पांढरीपुलाच्या पुढं दाबेनात. तेव्हा मी देवाला जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सर दवाखान्याच्या दारात उभे होते. शर्टाचं वरचं बटण उघडं, पायात घरातल्या सपाता. सीटी स्कॅनवाल्याला त्यांनी आधीच जागेवर बसवून ठेवलं होतं. मेंदूत गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन वेळेत बसलं. संध्याकाळी अण्णांनी माझा हात दाबला, इतका की बोटं दुखली. मी भिंतीला टेकून हमसून हमसून रडले. सर शेजारी उभे होते, काय करावं ते न कळून. शेवटी म्हणाले, "पाचवी आणि सातवी दोन्ही उत्तम. अश्रू आहेत, नाकाचा शेंडा लाल आहे." आणि एकदम पांढरेफटक पडले. "अरे, माझं दार!"

सकाळी फोन ठेवला ते तसेच निघाले होते. कुलपं नाहीत, साखळी नाही, दार सताड उघडं. मी त्यांना रिक्षातून घरी सोडायला गेले. वर गेलो तर उंबऱ्यावर मावशी बसलेल्या, पुढ्यात कोथिंबिरीची जुडी. दिवसभर तिथंच बसून निवडत होत्या. "या सर," त्या म्हणाल्या, "मांजर येत होतं म्हणून बसले." आतला एक चमचाही हललेला नव्हता. मावशींनी त्यांच्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "तोंड किती उतरलंय तुमचं. च्या टाकू का?"

सरांनी उंबऱ्याबाहेर सपाता काढल्या. "टाका," म्हणाले.

अण्णा हिंडाफिरायला लागल्यावर सर एकदा आमच्या घरी आले. पडद्याबाहेर उभे राहून चौकटीवर टकटक केली. असं करणारा माणूस आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच बघितला असेल. आत बसले ते सारखं मागं वळून बघत. काकूला त्यांनी खोदून खोदून विचारलं, त्या दिवशी तुम्ही आत कशा आलात, का आलात.

"विरजण पायजे हुतं," काकू म्हणाली.

"आणि दार असतं तर? बंद असतं तर?"

"मग बाहेरून हाळी दिली असती. वो दिली न्हाई की गेली असते माघारी. कोन कशाला थांबतंय?"

सरांनी चहा संपवला. जाताना अण्णांना आठ्या घालायला लावल्या, हसायला लावलं. अण्णांचं हसू अजून जरा तिरकं येतं. सर म्हणाले, "चालेल."

त्या आठवड्यात त्यांनी दोन्ही कुलपं आणि आडणा काढून टाकला. साखळीही. कडी तेवढी ठेवली, रात्रीपुरती. सकाळी उठलं की पहिलं काम, कडी काढायची. मावशी वाटी घेऊन थेट आत जायला लागल्या. भीती गेली का? छे! सर मला म्हणाले होते, "उघड्या दारात जास्त भीती वाटते, शिंगणापूर. पण आता दोन भीतींतली बरी निवडली."

मी डॉक्टर झाले, नेवाशाला दवाखान्यात लागले. सर निवृत्त झाले. हॉलच्या दारात उभं राहून कुणाला विचारायची सोय संपली, म्हणून मीच रोज सकाळी ओपीडीच्या आधी त्यांना व्हिडिओ कॉल करायला लागले. नमस्कार-चमत्कार काही नाही. डोळे गच्च, भुवया वर, दात, जीभ, सरळ आहे का? सरळ आहे, सर. बरं, ठेव. शेजारच्या सिस्टर तोंडाला पदर लावून हसायच्या. मी मात्र त्या मिनिटात कधी हसले नाही. दर सकाळी बोट त्या बटणावर जाताना माझ्या पोटात तोच खड्डा पडायचा, आणि 'सरळ आहे' म्हटलं की भरायचा.

परवाच्या सोमवारी सर स्वयंपाकघरात होते. मागं ओट्यावर दूध तापत होतं. त्यांनी डोळे मिटले. दात दाखवले. डावा कोपरा उठला नाही. मला वाटलं, रेंज गेली, चित्र अडकलं. पण त्यांच्या मागं दुधाची वाफ हलत होती.

मग त्यांनी भुवया परत एकदा वर नेल्या. कपाळावर आठ्या पडल्या. दोन्हीकडं, सारख्या.

"सलळ आहे का?" सरांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला मी एकच उत्तर दिलं होतं. ते तोंडाशी आलं होतंही. ते ऐकायला त्यांचे डोळे पहिल्या दिवशीसारखेच माझ्याकडं लागले होते.

"सर," मी म्हटलं, "दाराची कडी काढलीय ना?"

त्यांना कळलं. जन्मभर ज्याची वाट बघितली ते आलं, हे त्यांना माझ्या एका प्रश्नातून कळलं. त्यांनी सावकाश मान हलवली. काढली होती.

"मावशी!" मी अशी ओरडले की अख्खी ओपीडी उभी राहिली. "मावशी! वर या!"

सरांनी फोन दाराकडं धरला. जिन्यात पावलं वाजली, दार भिंतीवर आपटलं आणि मावशी आत आल्या, हात चटणीनं माखलेले. सरांकडं बघून त्यांनी ते हात तसेच तोंडावर ठेवले. "आगं बाई! सर, तुमचं तोंड वाकडं झालंय वो! देवा रे..."

"मावशी, देव नंतर! आधी गाडी! तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या, मी तिकडंच निघाले!"

त्या खाली पळाल्या. मी गाडीची किल्ली शोधत होते, हाताला सापडत नव्हती. फोनमध्ये सर एकटे उरले होते. भीतीनं त्यांचं कपाळ आठ्यांनी भरून गेलं होतं, आणि अर्धं तोंड मात्र, देवाशपथ, हसत होतं.

"बघितलं," सर म्हणाले, जड जिभेनं, एकेक अक्षर लावत. "कुणीतली बघितलं."